तसबिरीतला मान आणि जमिनीचा हक्क

अकोल्याच्या जठारपेठेसारख्या वस्तीतील जुन्या, सुस्थित घरांच्या बैठकीत आजोबा-पणजोबांची तसबीर हमखास आढळे. डोक्यावर पगडी, खांद्यावर जरीकाठी उपरणे, पण अंगात विलायती कापडाचा कोट. शेजारी टेबल आणि टेबलावर जाडजूड पुस्तक. डोके वऱ्हाडचे आणि धड विलायतेचे, असे या चित्राचे वर्णन कोणी चेष्टेने करील. परंतु चेष्टा करण्यापूर्वी एक प्रश्न विचारला पाहिजे. त्या गृहस्थाने कोट आपण होऊन घातला होता, की चित्रकाराने त्याला तो चढवला? चित्रातल्या माणसाने काय ल्यावे, हे कोणी ठरवायचे? प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. तथापि गुलामीचा आणि मुक्तीचा बराचसा इतिहास त्याच्याभोवती फिरतो, आणि वऱ्हाडातील कार्यकर्त्यांना तर तो आजही टाळता येणार नाही.

२०२३ साली लंडनची नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी आणि अमेरिकेतील गेटी संग्रहालय या दोन संस्थांनी मिळून एक व्यक्तिचित्र विकत घेतले. किंमत पाच कोटी पौंड. त्याआधी २०२२ मध्ये ब्रिटिश सरकारने ते देशाबाहेर जाऊ नये म्हणून निर्यातीवर तात्पुरती बंदी घातली होती. कारण हे चित्र म्हणजे ब्रिटनचा राष्ट्रीय ठेवा. चित्र सर जोशुआ रेनॉल्ड्स या विख्यात इंग्रज चित्रकाराचे, १७७६ साली रॉयल अकादमीच्या प्रदर्शनात मांडलेले. आणि ब्रिटनच्या या ठेव्यात दिसणारा माणूस कोण? तर पॅसिफिक महासागरातील रायाटेआ बेटावरचा, विशीतला एक पॉलिनेशियन तरुण. अनवाणी पाय, अंगावर पायघोळ पांढरे वस्त्र, डोक्याला पांढरे पागोटे, हातांवर गोंदण. वऱ्हाडातली कोणतीही वृद्ध स्त्री हे चित्र पाहील तर तिची नजर आधी त्या गोंदणावर जाईल.

या तरुणाचे नाव माई. चित्राला मात्र नाव पडले ‘ओमाई’. त्याच्या भाषेत ‘ओ’ हा नावाआधी येणारा शब्द. ‘ओ माई’ म्हणजे ‘हा माई’. इंग्रजांनी ते सगळे मिळून एकच नाव समजले आणि जवळजवळ अडीचशे वर्षे तेच चालवले. ज्याचे चित्र पाच कोटी पौंडांना जाते त्याचे नाव नीट विचारण्याइतकी सवड साम्राज्याला मिळाली नाही.

माई इंग्लंडला का गेला, ही हकीकत अधिक बोलकी आहे. शेजारच्या बोराबोरा बेटावरच्या योद्ध्यांनी रायाटेआ जिंकले, त्यात त्याच्या घरची जमीन गेली आणि तो निर्वासित होऊन ताहितीला आला. ताहितीत त्याने इंग्रजी तोफांचा प्रताप पाहिला. या तोफा आणि बंदुका ज्यांच्याजवळ आहेत त्यांची मैत्री केली तर जमीन परत मिळवता येईल, असा साधा, व्यवहारी हिशेब त्याने केला. कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीतील एका जहाजावर चढून १७७४ मध्ये तो लंडनला पोचला. तेथे त्याचे मोठे कौतुक झाले. राजा तिसऱ्या जॉर्जची भेट घडली, सरदार-दरकदारांच्या मेजवान्या झडल्या. या मुक्कामात तो इंग्रजी पद्धतीचा मखमली कोट घालून वावरे आणि त्याच्या अदबीची तारीफ होई.

परंतु रेनॉल्ड्सच्या चित्रात तो कोट नाही. चित्रकाराने त्याला ग्रीक-रोमन पुतळ्याचा डौल दिला, रोमन झग्यासारख्या चुण्यांचे वस्त्र दिले आणि मागे कल्पनेतले डोंगर-झाडे उभी केली. ताहितीचे वल्कल, पूर्वेकडचे पागोटे आणि रोमचा झगा यांचे ते मिश्रण आहे. माई राजघराण्यातला नव्हता. चित्रात तो राजपुत्र भासतो. त्या काळच्या युरोपला निसर्गाच्या कुशीतला निष्पाप, उदात्त ‘रानटी’ माणूस हवा होता. मखमली कोटातला, जमिनीसाठी बंदुका मागणारा निर्वासित या कल्पनेत बसत नव्हता. म्हणून कोट उतरला आणि मागणीही उतरली.

रेनॉल्ड्सवर येथे अन्याय होता कामा नये. त्याने माईची थट्टा केलेली नाही. गुलामांचा व्यापार भर जोरात असताना एका गहूवर्णी माणसाला त्याने सरदाराच्या तोलाने, पूर्ण उंचीचा उभा रंगवला, हे कबूल केलेच पाहिजे. त्या चेहऱ्याकडे पाहताना माणुसकीचा अपमान होत नाही. पण म्हणूनच हे चित्र अधिक शिकवते. अपमान करणारे चित्र ओळखणे सोपे असते. मान देणारे आणि तरीही त्या माणसाचे म्हणणे गिळून टाकणारे चित्र ओळखणे कठीण असते. १७७६ मध्ये माई परत निघाला. १७७७ मध्ये कुकने त्याला हुआहिने बेटावर उतरवले. घर बांधून दिले, घोडे दिले, थोड्या बंदुका दिल्या. रायाटेआची जमीन त्याला मिळाली नाही. दोन-तीन वर्षांतच तो वारला. पुढे ताहिती १८४२ मध्ये फ्रान्सच्या संरक्षणाखाली आणि १८८० मध्ये पुरती फ्रेंच वसाहत झाली. १९६६ ते १९९६ या तीस वर्षांत फ्रान्सने पॉलिनेशियाच्या मोरुरोआ आणि फांगाटाउफा या प्रवाळद्वीपांवर १९३ अणुस्फोट केले. माईचे बेट आजही फ्रेंच ध्वजाखाली आहे, आणि २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्या प्रदेशाची नोंद अद्याप स्वयंशासन न मिळालेल्या प्रदेशांच्या यादीत पुन्हा केली.

तेथेच १८९१ मध्ये गोगॅं हा फ्रेंच चित्रकार उतरला. त्याने रंगवलेल्या पहिल्या ताहिती व्यक्तिचित्रांपैकी एकात एक स्त्री हातात फूल घेऊन बसली आहे. अंगात मिशनऱ्यांनी रुजवलेला, उंच गळ्याचा, लांब बाह्यांचा झगा. चित्रासाठी म्हणून ती आपला चांगला पोशाख घालून आली होती. पण पॅरिसच्या बाजारात खपायचे ते उघड्या अंगाचे, आदिम ताहिती. आणि गोगॅं पुढे तेच रंगवीत राहिला. मिशनऱ्यांनी जिला झगा चढवला, तिचा झगा चित्रकाराने उतरवला. दोघांनाही तिची संमती महत्त्वाची वाटली नाही.

महाराष्ट्रात याच काळात काय चालले होते? माईचे चित्र प्रदर्शनात लागल्यानंतर सोळा वर्षांनी, १७९२ मध्ये, जेम्स वेल्स नावाच्या स्कॉटिश चित्रकाराने पुण्यात सवाई माधवराव पेशव्यांचे चित्र रंगवले. सोबत नाना फडणवीस आणि सेवक. पुण्याच्या दरबारातील इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने वेल्स तेथे आला होता. गंगाराम तांबट या मराठी कलावंताने याच मंडळींसाठी चित्रे काढली. वेल्सच्या चित्रात पेशवा आपल्या पोशाखात, मोत्यांच्या अलंकारांत, आपल्या बैठकीवर बसला आहे. कोणी त्याला रोमन झगा चढवला नाही. याचे कारण चित्रकाराचा मोठेपणा हे नव्हे. तलवार अजून पुण्याच्या हातात होती, हे आहे. ज्याच्या हाती सत्ता तो आपले चित्र आपल्या मर्जीने काढवून घेतो. पुढे सव्वीस वर्षांत, १८१८ मध्ये, पेशवाई बुडाली आणि ते चित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. हेही विसरता कामा नये की त्या चित्रात पेशवा आहे, मुत्सद्दी आहे, चाकर आहेत. ज्याच्या सारावर ती बैठक उभी होती तो कुणबी नाही, आणि ज्याची सावलीही त्या पुण्यात विटाळ मानली जाई तो महार तर नाहीच. पेशव्याचा स्वतःच्या चित्रावरचा हक्क म्हणजे रयतेचा हक्क नव्हे.

वऱ्हाडची गोष्ट निराळी आणि माईच्या अधिक जवळची. १८५३ च्या तहाने निजामाने हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांकडे लावून दिले. प्रांताचे नावच बदलले. सरकारी दप्तरात तो ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ झाला, म्हणजे नेमून दिलेले जिल्हे. माईचा ओमाई झाला तसा वऱ्हाडचा गहाणखत झाला. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध पेटले, लॅंकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे साऱ्या साम्राज्याची नजर वळली. आगगाडी आली, १८७० मध्ये खामगावच्या कापूस बाजाराला जोडणाऱ्या फाट्याचे उद्‌घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. त्याच वर्षी आल्फ्रेड लायल याने संपादिलेले वऱ्हाडचे गॅझेटियर प्रसिद्ध झाले. जमीन किती, कापूस किती, जाती किती, कोणाचा धर्म काय, चालीरीती काय, असे प्रजेचे शब्दचित्र राज्यकर्त्यांच्या टेबलावर तयार झाले. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने पंचवीस लाख रुपये वार्षिक देऊ करून वऱ्हाडचा कायमचा पट्टा करून घेतला. १९३६ च्या करारानंतर निजामाच्या थोरल्या पुत्राला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. युवराजाला किताब मिळाला, इंग्रजाला पट्टा मिळाला आणि वऱ्हाडच्या शेतकऱ्याला सावकाराची वही मिळाली. या देवघेवीत वऱ्हाडी माणसाला कोणी काही विचारल्याची नोंद नाही.

१९१६ मध्ये रसेल आणि हिरालाल यांचा मध्यप्रांतातील जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ निघाला. त्यात माहिती अफाट आहे आणि अभ्यासक आजही तो उघडतात. पण त्यातला माणूस हा व्यक्ती नसून नमुना आहे. चित्रकलेतही हीच दृष्टी शिरली. मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून घडलेले महादेव विश्वनाथ धुरंधर हे मोठ्या ताकदीचे मराठी चित्रकार. ऑटो रॉथफेल्ड या सनदी अधिकाऱ्याच्या भारतीय स्त्रियांविषयीच्या पुस्तकासाठी त्यांनी चित्रे काढली. लुगड्याचा घोळ, चालण्याची ढब, दागिन्यांची घडण या सगळ्यांत त्यांच्या हाताची जाण दिसते. तरीही त्या स्त्रिया तेथे येतात त्या कोणाची मुलगी वा कोणाची आई म्हणून नव्हे, तर अमुक जातीची, अमुक प्रांताची बाई म्हणून. कुंचला मराठी होता. मांडणी मात्र साहेबाच्या कपाटातली होती. वसाहतवाद परक्या माणसाच्या हातानेच काम करतो असे नाही, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

या मांडणीला महाराष्ट्रातूनच दोन उत्तरे दिली गेली, आणि ती दिली शोषितांच्या पुढाऱ्यांनी. पहिले जोतीराव फुले यांचे. १८८८ मध्ये पुण्यात हरी रावजी चिपळूणकर यांनी राणी व्हिक्टोरियाचा पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट याच्या सन्मानार्थ समारंभ केला. निमंत्रित भरजरी पोशाखात आले. जोतीराव आले ते गरीब शेतकऱ्याच्या वेषात, आणि या श्रीमंतांवरून देशाची परीक्षा करू नका, खरी प्रजा खेड्यात आहे, असे त्यांनी राजपुत्राला ऐकवले. जोतीराव स्वतः कंत्राटदार होते, चांगले कपडे त्यांना परके नव्हते. तो फाटका वेष त्यांनी निवडला होता आणि त्याचा अर्थही त्यांनीच सांगितला. वेष आणि मागणी एकत्र होती, म्हणून त्याचे प्रदर्शन झाले नाही, राजकारण झाले.

दुसरे उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. अकोला-अमरावतीच्या वस्त्यांत, खेड्यातल्या मातीच्या घरांत, भिंतीवर सूट, टाय आणि चष्म्यातले बाबासाहेब दिसतात. काही सुशिक्षितांना हे खटकते. हा तर साहेबाचा पोशाख, यात आपली ओळख कुठे आहे, असे ते म्हणतात. या आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे, कारण तो पुष्कळदा चांगल्या हेतूनेही घेतला जातो.

ज्यांना आपली ओळख पोशाखात सापडते त्यांच्या पोशाखावर कोणी पहारा बसवलेला नव्हता. अस्पृश्यांच्या बाबतीत ‘आपला वेष’ हा जातीने लादलेला वेष होता. लुगडे कसे नेसावे, दागिना कोणत्या धातूचा घालावा, अंगावर नवे कापड घ्यावे की नाही, हे गाव ठरवीत असे. म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना स्वतंत्रपणे उद्देशून सांगितले की अस्पृश्यतेची खूण पटवणारी लुगडे नेसण्याची पद्धत आणि गळ्या-हातांतले ओझेवजा दागिने टाकून द्या. स्त्रियांनी ते ऐकले आणि अमलात आणले. संस्कृती सोडल्याचे दुःख त्यांना झाले नाही; दुसऱ्याने कपाळावर मारलेली चिठ्ठी फाडल्याचे समाधान झाले. या प्रकाशात माईचा मखमली कोटही निराळा दिसू लागतो. त्याने तो घातला तेव्हा तो इंग्रजांचा नकलाकार झाला, असे समजण्याचे कारण नाही. बरोबरीच्या नात्याने बोलणी करायला आलेल्या माणसाचा तो पोशाख होता. अस्सल ओळखीचा आग्रह त्याने धरलेला नव्हता, तो चित्रकाराने धरला.

तेव्हा देशी वेष की विलायती वेष, हा वाद दुय्यम आहे. जोतीरावांनी फाटके पांघरले, बाबासाहेबांनी सूट घातला. दोन्ही गोष्टींत निवड त्यांची होती आणि निवडीमागे हक्काची मागणी होती. निवड दुसऱ्याची आणि मागणी पुसलेली, अशी स्थिती असेल तर खादीही वसाहतवादी ठरू शकते.

ही कसोटी आजच्या वऱ्हाडाला लावली म्हणजे मान खाली घालावी लागते. अकोल्याच्या उत्तरेला सातपुड्याची रांग दिसते. तेथून मेळघाट सुरू होते आणि तेथे कोरकू राहतात. त्यांची भाषा मुंडा कुळातली, म्हणजे मराठी आणि हिंदी या दोहोंपासून वेगळी. कोरकूंचे चित्र सर्वांना हवे असते. सरकारी भिंतींवर कोरकू नर्तक रंगवले जातात, पर्यटनाच्या पत्रकांवर कोरकू स्त्रीचे दागिने छापले जातात, मंत्री येणार म्हटले की पारंपरिक वेषातले पथक स्वागताला उभे केले जाते. रेनॉल्ड्सच्या चित्रात असतो तसा मान येथेही आहे. आता मागणीचे काय झाले ते पाहावे.

मेळघाटात १९७०च्या दशकात व्याघ्र प्रकल्प झाला. पुढे गाभ्यातली गावे उठवण्यात आली आणि त्यांतली कित्येक अकोला जिल्ह्यात, अकोट आणि तेल्हारा भागात वसवण्यात आली. कुटुंबामागे दहा लाख रुपये हा त्या वेळचा पुनर्वसनाचा सरकारी हिशेब होता. ज्यांनी जन्मभर जंगल, मोह, नदी आणि थोडी शेती यांवर संसार केला त्यांच्या हातात एकदम रोकड आली. रोकड सरली आणि शेतीची जमीन पुरेशी मिळाली नाही. नव्या वस्तीत आरोग्याचे हाल आणि मृत्यू यांविषयी तक्रारी झाल्या. अखेर लोक पुन्हा जुन्या गावांच्या जागी जाऊन बसले, आणि २०१९ च्या जानेवारीत जंगलात आदिवासी आणि वनखाते-पोलीस यांच्यात संघर्ष होऊन दोन्ही बाजूंची माणसे जखमी झाली. वाघ जगला पाहिजे याविषयी वाद नाही. परंतु भिंतीवरचा कोरकू हा वऱ्हाडचे वैभव आणि जमीन मागणारा कोरकू हा अतिक्रमणदार, असे एकाच माणसाचे दोन हिशेब ठेवणारे राज्य कोणाच्या परंपरेतले म्हणायचे? माईला घोडे मिळाले होते, जमीन नाही. दहा लाखांचा धनादेश हा घोड्यांचाच प्रकार आहे.

दुसरी वाटही वऱ्हाडातच दिसली आहे, हे कार्यकर्त्यांनी सांगत राहिले पाहिजे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जंगलावर सामूहिक हक्क दिला. अमरावती जिल्ह्यातील पायविहीर या अचलपूर तालुक्यातल्या गावाने तो मिळवला, उजाड झालेल्या टेकड्यांवर झाडे वाढवली, सीताफळाची विक्री गावाच्या हातात ठेवली. तेथे आदिवासी संस्कृतीचे जतन करा म्हणून कोणाला पाठ द्यावा लागला नाही. जमीन हातात राहिली तर माणूस आपले गाणे, आपली भाषा आणि आपला वेष यांचे काय करायचे ते स्वतः ठरवतो. ठेवायचे ते ठेवतो, टाकायचे ते टाकतो.

सभा-समारंभांच्या हंगामात जठारपेठेच्या चौकापासून तालुक्याच्या बाजारापर्यंत फलक लागतात आणि त्यांवर आदिवासी, शेतकरी, कष्टकरी स्त्री यांची चित्रे झळकतात. त्यांत पुरोगामी संघटनांचेही फलक असतात. अशा चित्रातल्या माणसाचे नाव काय, हे फलक लावणाऱ्याला ठाऊक असते काय? त्याला विचारले होते काय? त्याच्या वनहक्काचा दावा कोणत्या कचेरीत, किती वर्षे पडून आहे, याची चौकशी केली होती काय? मंत्र्यापुढे नाचायला बोलावलेल्या पथकाला व्यासपीठावर बोलायला पाच मिनिटे मिळतात काय? या प्रश्नांची उत्तरे ‘नाही’ अशी येत असतील तर नवा फलक रंगवण्याआधी अकोटच्या पुनर्वसित वस्तीत जाऊन सात-बाराचे उतारे तपासणे हे अधिक तातडीचे काम आहे. माईने अडीचशे वर्षांपूर्वी लंडनच्या दिवाणखान्यात जे मागितले तेच तेथेही मागितले जात आहे, आणि ते ऐकून घ्यायला दुभाष्याचीही गरज नाही.